बिनखिशाची बंडी

मोटारीची गादी उघडण्याआधी गेनू मिस्त्री स्वतःची झडती देत. टोपी काढून उलटी करत, धोतराचा सोगा झटकत, दोन्ही तळवे उघडून दाखवत. अंगातली बंडी मुद्दाम बिनखिशाची शिवून घेतलेली असे. मग म्हणत, "आधी माजी झडती, मंग गादीची. मालकानं हितंच बसायचं. मालक उठला की माजा हात थांबला."

मुलांनो, तुम्ही तिकडे बसल्या जागी फोनवरून घराची कुलुपं लावता, त्यामुळे असा माणूस तुम्हाला विचित्र वाटेल. मलाही वाटला होता. मिस्त्री मूळचे महाळुंग्याचे. आधी टांग्यांच्या गाद्या भरायचे. टांगे कमी होऊ लागले तसे मोटारींकडे वळले आणि कासारवाडी स्टेशनाजवळ त्यांनी पत्र्याची शेड घातली. गादीतून निघेल ते शेजारच्या पांढऱ्या फडक्यावर ठेवायचं, ही त्यांची शिस्त. केसांचे आकडे, सुपारी, लहान मुलाच्या वाळ्याचा घुंगरू, काहीही निघे. "मानूस बसतो तितंच सांडतो," असं ते म्हणत, "आन् सांडलेलं घावलं न्हाई की गादीवाल्याला धरतो."

त्यांना तसं एकदा धरलंही होतं. एका बड्या घरची अंगठी हरवली आणि मिस्त्रींना चौकीत बसवून ठेवलं. अंगठी पुढे त्याच घरच्या कपाटात सापडली. "मला सांगाया कोन आलं न्हाई, वैनीसाहेब," ते मला म्हणाले. "चाकणच्या बाजारात दुसऱ्याकडनं कळलं." तेव्हापासून खिसा बंद.

मी पुण्याहून इंग्रजी घेऊन बी.ए. होऊन चिंचवडच्या घरात नुकतीच सून म्हणून आले होते. त्या घरात कुणी कुणावर विश्वास ठेवत नसे. मामंजी, म्हणजे तुमचे पणजोबा, मोटारीच्या टाकीत रोज काठी घालून पेट्रोल पाहत. सासूबाई दुधाच्या पातेल्याला कोळशाने रेघ मारत. आमची मोटार जुनी विलायती होती, मागची गादी कातड्याची, आत घोड्याचे केस. ती चालवायचा किसन.

त्या वर्षी पिंपरीकडे कारखाने येऊ लागले होते. लोखंड कातायचं लेथ यंत्र घ्यायचं मामंजींच्या डोक्यात बसलं. त्यासाठी सासूबाईंची मोहनमाळ मोडायचं त्यांनी ठरवलं. विचारलं नाही, ठरवलं. त्याच आठवड्यात आम्ही चाकणला लग्नाला गेलो. परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, माळ गळ्यातून कुठे पडली कळलं नाही. मामंजींनी गादीच्या फटीत हात घालून पाहिलं. काही नाही. मग त्यांची नजर किसनकडे गेली, कारण गाडी त्यानेच पुसली होती. दुसऱ्या दिवशी त्याला चौकीवर न्यायचं ठरलं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. एरवी मोटारीबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, गादी नाहीतरी फाटली आहे, आधी ती उघडून पाहा, मग माणसाला धरा. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मिस्त्रीजवळून हलू नकोस. डोळ्यांत तेल घालून बस."

किसननेच गाडी चालवली, मामंजी आणि मी बरोबर होतो. शेडबाहेर लिंबाखाली तो उकिडवा बसला. मिस्त्रींनी झडती दिली, गादी उचलून दोन स्टुलांवर ठेवली आणि कडेचे बारीक खिळे उपटायला सुरुवात केली. चांगला निघालेला खिळा ते तोंडात, गालाशी ठेवत. कातडं सोलून निघालं, त्याखाली कापूस, मग काळे केस. मामंजींना पक्का संशय होता की हा माणूस केस ठेवून घेणार आणि काथ्या भरणार. केस बाहेर चटईवर उन्हात पसरले, तेव्हापासून त्यांची मान दाराकडेच वळलेली.

मिस्त्रींनी गादी पालथी केली. खालच्या गोणपाटाला एका कोपऱ्यात वेगळी शिवण होती, लाल दोऱ्याची. मिस्त्रींचा हात थांबला. टाका मी ओळखला; तो मी रोज रात्री पांघरत होते. सासूबाई गोधड्यांच्या कडा त्याच लाल दोऱ्याने शिवत, शेवटी तशीच दुहेरी गाठ मारत.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग मामंजींना म्हणाले, "मालक, वारा सुटलाय. केसांपाशी बसा जरा. जायायेनाऱ्याचा काय भरवसा?"

मालक उठला की हात थांबवणारा माणूस मालकाला उठवत होता. मामंजी खुर्ची घेऊन लगबगीने बाहेर गेले.

मिस्त्रींनी टाके कापले. आत स्प्रिंगला मोहनमाळ गुंडाळलेली होती, लाल दोऱ्याने करकचून बांधलेली, वाजू नये म्हणून. त्यांनी दोरा तोडला, शिवणीचे धागे वेचले. ठेवायला खिसा नव्हता. तो लाल गुंता त्यांनी तोंडात टाकला, खिळ्यांच्या जोडीला. मग माळ पांढऱ्या फडक्यावर ठेवून त्यांनी पत्र्यावर हातोडी वाजवली.

मामंजी आत आले. माळ पाहून आनंद झाला, पण तो टिकला नाही. "मी बाहेर गेल्यावरच बरी सापडली," ते म्हणाले. "कुठे होती?"

मिस्त्रींचं तोंड भरलेलं. त्यांनी हातोडीच्या दांड्याने माझ्याकडे बोट दाखवावं तसं केलं.

"स्प्रिंगमध्ये अडकली होती, मामंजी," मी म्हणाले. "मी इथेच होते."

त्यांनी मिस्त्रींची टोपी पुन्हा उलटी करून पाहिली. मग दाराशी जाऊन किसनला म्हणाले, "चल, गाडी पूस." माफी त्यांच्या तोंडून एवढीच निघायची. किसनने डोळे पुसले आणि फडकं घेतलं.

महिन्याच्या आत माळ मोडली, लेथ आला. गादी उघडायला सांगताना सासूबाईंना हे ठाऊक होतंच. माळेबद्दल त्या पुन्हा बोलल्या नाहीत. मला फक्त विचारलं, "नीट पाहिलंस ना? काय होतं आत?"

"घोड्याचे केस," मी म्हणाले. त्या दिवसापासून दुधाच्या कपाटाच्या चाव्या माझ्याकडे आल्या.

नव्याने भरलेली गादी घेऊन मिस्त्री घरी आले, तेव्हा मामंजींनी कातडं चाचपलं, केस ओढून पाहिले. खालची बाजू कुणी पाहिली नाही. सासूबाईंनी मात्र बसताना सहज हात खाली नेला आणि वाकून पाहिलं. कोपऱ्यात, नव्या गोणपाटावर, त्याच लाल दोऱ्याचे चार टाके होते आणि शेवटी दुहेरी गाठ. मिस्त्री टोपी हातात धरून दुसरीकडे बघत उभे होते. त्यांना सासूबाईंनी घरातल्या चांगल्या कपातून चहा दिला.

पुढे मिस्त्री वारल्याची बातमी किसननेच आणली. कुणाच्याही दारावर न जाणाऱ्या सासूबाई उठल्या, पदर सारखा केला आणि गाडी काढ म्हणाल्या. मामंजींनी विचारलं, गादीवाल्याकडे तुमचं काय काम? त्या जाऊन मोटारीत बसल्या. महाळुंग्यापर्यंत आम्ही दोघी मागे बसलो होतो. साऱ्या वाटेत त्यांचा उजवा हात गादीच्या खाली, त्या कोपऱ्यात होता.