नदीपलीकडचा हातपंप

२९ सप्टेंबर २००६, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी फोन वाजला आणि आईने गॅस बंद केला. माझा थोरला भाऊ, म्हणजे भैया, राज्याच्या दक्षिणेतल्या शेवटच्या तहसिलीत सरकारी हातपंपांची देखभाल करत असे. दर शुक्रवारी तो एसटीडी बूथवरून बोले. आई त्याला जेवणाचे विचारी, मी आकडे उतरवून घेई.

मी भूजलशास्त्र शिकले होते आणि राज्याच्या नव्या राजधानीसाठी ठरलेल्या शेतांखाली पाणी किती आहे, ते मोजणाऱ्या कार्यालयात नोकरी करत होते. पीएचडीसाठी मात्र मला जंगलातल्या भूजलाची पातळी हवी होती. झिजलेले वायसर, म्हणजे आतली चकती, बदलण्यासाठी पंप उघडला, की भैया आत मोजपट्टी सोडे आणि पाणी किती खोल आहे ते मला कळवी.

युद्ध पसरत गेले तसे माझे आकडे कमी होत गेले. आधी जंगलात बंदूकवाले आणि सडकेवर पोलीस, इतकी सरळ विभागणी होती. मग निरनिराळ्या राज्यांतल्या बंदूकवाल्यांच्या संघटना एक झाल्या. त्यांच्याविरुद्ध गावोगाव सभा भरल्या, सडकेकाठी छावण्या उभ्या राहिल्या, आणि कालपर्यंत जंगलात भात पोचवणारी पोरे पोलिसांबरोबर बंदुका घेऊन फिरू लागली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलेखकागद लावून मी कोणता रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते मांडत असे. पेन्सिलीने, कारण शुक्रवार आला की काहीतरी खोडावेच लागे.

त्या मांडणीत एक गाव बसत नव्हते. नदीपलीकडच्या त्या गावातले बहुतेक लोक छावणीत गेले होते, उरलेले जंगलात लपून राहत. तिथला पंप चालू ठेवणाऱ्यावर पोलिसांनी संशय घ्यायला हवा होता, आणि छावणीत पंप बसवणाऱ्यावर जंगलवाल्यांनी. भैया दोन्ही कामे करत होता आणि दोन्ही बाजू त्याला जाऊ देत होत्या. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला होता, “तुह्या कागदावर म्हातारी कुठं आहे, पोट्टे?”

त्या गावातली एक म्हातारी घर सोडायला तयार नव्हती. तिचा थोरला मुलगा छावणीत पोलिसांसोबत बंदूक घेऊन उभा होता, धाकटा जंगलातल्या दलात होता. समोर आले असते तर एकमेकांवर गोळी झाडणे त्यांना भाग होते. पण दोघांनीही वेगवेगळा निरोप धाडला होता: आईचा पंप बंद पडू देऊ नका. माझ्या भावाचा परवाना तेवढाच होता.

२९ सप्टेंबरच्या त्या शुक्रवारी भैया म्हणाला, “म्हातारीले काल खाटेवर घालून छावणीत आणलं. थोरल्यानं.”

पंप मात्र अडकला होता. जंगलात लपलेले लोक संध्याकाळी तिथेच पाणी भरत, त्यामुळे धाकट्याने पुन्हा निरोप पाठवला होता. छावणीत लोक विचारू लागले होते, आता ते पाणी कोणासाठी? आईने फोन माझ्या हातातून घेतला. “काहून जातं तू? मले पंप नाही पाहिजे, तू पाहिजे.” फोन परत घेऊन मीही समजावले की म्हातारी छावणीत गेल्यावर दोन्ही बाजूंना तुला सोडण्याचे कारण उरलेले नाही. पावसाळ्यानंतरचा त्या पंपाचा आकडा मला हवा होता; तो मी मागितला नाही. भैया “हव” म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढचे तीन शुक्रवार फोन आला नाही. त्याच्या कार्यालयातून दर वेळी एकच उत्तर मिळे: दौऱ्यावर आहेत.

दिवाळी आली. गोल बाजारातून आईने नवे निरांजन आणले. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती म्हणाली, चंद्र बुडायच्या आत त्याला ओवाळून घे. भाऊ नसलेल्या बहिणी चंद्राला ओवाळतात. मी नाही म्हटले. तिने पुन्हा आग्रह धरला नाही. आम्ही दोघी थकलो होतो. मी निरांजनात तूप घालत राहिले.

चंद्र मावळल्यानंतर भैया आला. अंगात शर्ट होता, हातात काही नव्हते. पाट आधीच मांडलेला होता. हातपाय धुऊन तो त्यावर बसला.

तो गेला होता. पंप दुरुस्त झाला होता. परतताना म्हातारीच्या थोरल्या मुलाने त्याला सडकेवर अडवले, मोटरसायकल आणि अवजारांची पेटी ठेवून घेतली, छावणीतच बसवून ठेवले आणि अखेर बसमध्ये चढवताना बजावले की पुन्हा दिसलास तर मी बाकीच्यांना थांबवू शकणार नाही. नदीपलीकडे धाकट्याने एवढेच विचारले होते, की आई छावणीतले पाणी पिते का.

“पिते का?” आईने विचारले.

“नाही पीत,” भैया म्हणाला. “तिथला पंप पुरत नाही. म्हणते, टँकरचं आहे.”

मी ओवाळले. त्याने सवयीने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. तबकाकडे बघत त्याने ओवाळणी सांगितली आणि जेवण झाल्यावर मी ती कागदावर उतरवली: सहा मीटर चाळीस.