अकरा वाजताचं लग्न

भिवंडीत शांतता म्हणजे लाइट गेलेली असते. लूम थांबतात, माणसांना आपापले आवाज ऐकू येऊ लागतात आणि ती घाबरून जनरेटर लावतात. अशा गावात रेडिओ केंद्र काढायचं डोकं टेमघरच्या दौलतशेठना सोळा वर्षांपूर्वी सुचलं. गोदामांचं भाडं येत होतं, गुडघे गेले होते, देवळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. भजन घरी यावं म्हणून त्यांनी आपल्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर 'खाडीवाणी' सुरू केली आणि ती बघायला एकदाही वर गेले नाहीत.

वर गेला तो केसरीनाथ. कोन गावचा आगरी, तेव्हा वय चव्वेचाळीस, लग्न झालेलं नाही, धंदा बिघडलेले लूम दुरुस्त करण्याचा. दौलतशेठ म्हणाले, "यंत्र ते यंत्र. हे तर धागासुद्धा तोडत न्हाय." केसरीनाथला ते पटलं. तेव्हापासून सकाळी यंत्रावरचा पंचा काढणारा आणि रात्री तो पुन्हा पांघरणारा माणूस तोच आहे. मधल्या वेळात काय वाजायचं, हे मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलत गेलं.

आधी भजनं आणि आगरी-कोळी गाणी होती. मग दौलतशेठना तरुणपण आठवायला लागलं आणि जुनी हिंदी सिनेमाची गाणी आली. मग कोणीतरी हिशेबानं सांगितलं की गावात कान आहेत ते लूमवाल्यांचे, तेव्हा दिवसाच्या शिफ्टला पूरबी, म्हणजे भोजपुरी गाणी, आणि रात्रपाळीला कव्वाली. पुढे दौलतशेठचा मुलगा हितेश कारभार बघू लागला. त्यानं हळदीच्या डीजेची गाणी इतक्या जोरात लावली की खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याचे पेशंट खुर्चीत हलायला लागले. लॉकडाऊनमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत मंत्र झाले. त्यानंतर मानकोलीच्या गोदामांत खोके बांधणाऱ्या पोरांसाठी शब्द नसलेलं, पेंगुळलेलं, पाऊस ठिबकल्यासारखं संगीत आलं. ते ऐकून खोके उलटे चिकटवले जातात, अशी तक्रार पोचली.

या सगळ्यात सकाळी अकराला एक गोष्ट सोळा वर्षं तशीच वाजत राहिली. दहा मिनिटांचा एक धवला.

आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती गाऊन एकेका देवाला नावानं मांडवात बोलावते. तिनं बोलावल्याशिवाय हळद लागत नाही. केसरीनाथची मोठी बहीण आक्का ही कोनपासून मानकोलीपर्यंत नाव असलेली धवलारीण. केंद्र सुरू झालं तेव्हा केसरीनाथ माइक घेऊन तिच्याकडे गेला.

"लगीन कोनाचा हाय?" आक्कानं विचारलं.

"कोनाचाच न्हाय. रेडिओसाठी."

"मग देवांना कनाला बोलवू? ते येतील, मांडव बघतील, आनि मना इचारतील, जेवान कुठं हाय."

केसरीनाथ तुळशीच्या लग्नापर्यंत थांबला. आक्का ऊस बांधलेल्या वृंदावनासमोर बसली, गायली, आणि त्यानं ते भरून घेतलं. चौथ्या मिनिटाला शेजारचा कोंबडा आरवला, तोही आत आला.

पहिल्यांदा ते वाजलं त्या दिवशी दुपारी तो घरी गेला, तर आक्का दारात उभी. "आज लगीन कोनाचा व्हता? देव गेले असतील तिथं. मना नाव सांग."

ती भरलेली फीत आहे, हे तिला कळत होतं. पण देवांना कळेल याची तिला खात्री नव्हती. केसरीनाथनं सुचेल ते नाव सांगितलं. आक्कानं हळदीच्या अक्षता घेऊन रेडिओवर टाकल्या आणि त्या जोडप्याला आशीर्वाद दिला. मग ते रोजचं झालं. अकराला धवला, अक्षता, दुपारी नाव. अंगणातल्या कोंबड्यांनाही वेळ ठाऊक झाली. पावणेअकरालाच त्या ओट्याखाली येऊन उभ्या राहत.

पुढे आक्काचा आवाज बसला तो उठलाच नाही. लग्नांना लोक दुसरीला बोलावू लागले. मग अकराची ती दहा मिनिटं तेवढी तिची राहिली, आणि ती जाऊ द्यायची नाहीत, एवढं एकच काम केसरीनाथनं आयुष्यात मनापासून केलं. कार्यक्रमाच्या यादीत त्यानं त्या गाण्याला दर वेळी नवं नाव दिलं. आधी 'लोकगीत', मग 'जुनी विरहगीते', मग 'पूरबी, स्त्रीस्वर'. हितेशच्या काळात त्यानं सुरुवातीला दहा सेकंद ढोल जोडला आणि 'हळदी रिमिक्स' लिहिलं. लॉकडाऊनमध्ये ते 'प्राचीन मंत्र' झालं, गोदामांच्या वेळी 'पॅकिंग म्युझिक'. यादी वाचणारे लोक रेडिओ ऐकत नाहीत, हे त्याला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

अवघड होतं ते लग्न जमवणं. खरी लग्नं असत तेव्हा तो खरी सांगे. पण वर्षाला दिवस जास्त आणि मुहूर्त थोडे.

"चातुर्मासात कुठला लगीन?" आक्का विचारी.

"लूमवाल्यांचा. त्यांचा पंचांग येगला."

"मग त्यांना धवला कनाला?"

"ऐकायला आवरतो त्यांना."

एकदा काहीच सुचेना, तेव्हा त्यानं सांगितलं की मानकोलीला दोन गोदामांमधली भिंत पाडून एक केलं. "भिंत परली तं लगीनच झाला," आक्का म्हणाली आणि अक्षता टाकल्या. आणि अगदीच अडलं की इमारतीचा वॉचमन नामा होताच. त्याला केसरीनाथनं बोहल्यावर किती वेळा चढवला, हे नामालाही माहीत नव्हतं.

या वर्षी दौलतशेठनी सुकन्या नावाच्या मुलीला व्यवस्थापक नेमलं. ठाण्याहून यायची, हुशार होती, आणि तिच्यात एक भयंकर दोष होता. ती रेडिओ ऐकायची.

"काका, अकराला ही आजी कोण?"

"पॅकिंग म्युझिक, मॅडम."

"आजीच्या मागे कोंबडा आहे."

केसरीनाथ यादीकडे बघत राहिला. सुकन्यानं समजावून सांगितलं. सोमवारपासून नवा फॉर्मॅट. मूडप्रमाणे गाणी. सकाळी ताजं, दुपारी निवांत, संध्याकाळी प्रेम. मध्ये आजी बसत नाही.

"लोक ऐकतात ते," केसरीनाथ म्हणाला.

"कोण?"

"लोक."

"एक आणा. सोमवारी, अकराच्या आत, इथे. एक माणूस येऊन म्हणाला की हे मला हवंय, तर मी ठेवीन. नाही तर अकराला नवा फॉर्मॅट सुरू."

केसरीनाथला खात्रीचा श्रोता एकच माहीत होता. सोमवारी रिक्षानं तो आक्काला घेऊन आला. एकोणऐंशी वर्षांची बाई तीन मजले प्रत्येक वळणावर बसत चढली. कमरेला अक्षतांची पुरचुंडी होती. आत आली, काच बघितली, दोन सरकपट्ट्यांचं ते जुनं यंत्र बघितलं. एका पट्टीवर तिचा धवला, दुसरीवर नवा फॉर्मॅट. अकराला सात मिनिटं होती.

सुकन्यानं तिला पाणी दिलं. "आजी, तुम्हाला हे गाणं रोज हवंय ना?"

आक्का पाणी प्यायली, भांडं खाली ठेवलं आणि भावाकडे वळली. "आज लगीन कोनाचा हाय?"

फोनवर, ओट्यावर, जेवताना खोटं बोलणं वेगळं. इथे ती यंत्रासमोर बसली होती आणि तिची पापणी लवत नव्हती. केसरीनाथचं तोंड उघडलं आणि त्यातून, त्याच्याही मनात नसताना, खरं निघालं.

"कोनाचाच न्हाय, आक्का."

"काल?"

"काल पन न्हाय."

"नामाचा तरी झाला व्हता का?"

"त्याचा एकदाच. रंगूबाईशी. मी इथं यायच्या आधी."

"मना ठाव हाय," आक्का म्हणाली. "गेल्या साली तू त्याला तीनदा उजवलास. रंगूबाई मना बाजारात भेटली. मी तिला सवतींचा इचारला. दोन महिने बोलली न्हाय ती नामाशी."

सुकन्याला ठसका लागला. केसरीनाथ कसाबसा म्हणाला, "ठाव व्हता तं रोज इचारायचीस कनाला?"

"तू रोज एक लगीन जमवत व्हतास. मना वाटला, हात बसला तं कवा तरी सोताचा जमवशील."

साठ वर्षांचा केसरीनाथ यंत्रावरची नसलेली धूळ पुसू लागला. अकराला दोन मिनिटं.

"मग आजी," सुकन्या हळूच म्हणाली, "लावायचं की नाही?"

"खोटा लगीन समोर कबूल झाल्यावर कसा लावायचा? देव काय म्हनतील?"

म्हणजे संपलं. केसरीनाथनं धवल्याच्या पट्टीवरचा हात काढून घेतला. सुकन्यानं घड्याळ बघितलं. आपण जिंकलो याचा आनंद तिला झालेला दिसत नव्हता.

"बाय," आक्कानं तिला विचारलं, "तू आज नवीन काय आनतेस म्हनाला हा?"

"फॉर्मॅट, आजी. म्हणजे केंद्राची सगळी गाणी बदलायची. नवी येणार."

"या घरात?"

"हो."

"आनि जुन्या?"

"जुनी जाणार."

"किती येऊन गेल्या रं?"

"सहा," केसरीनाथ म्हणाला.

"सहा बायका केल्या या घरानं, आनि एकीला पन हलद लागली न्हाय," आक्का म्हणाली. "टिकतील कशा? लाव धवला. सातवीचा तरी नीट करू."

बरोबर अकराला आक्काचा सोळा वर्षांपूर्वीचा आवाज भिवंडीभर गेला. आक्कानं पुरचुंडी सोडली. सुकन्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, कारण सून तिनं आणली होती. मग काचेवर. मग उरलेली मूठ, ओल्या हळदीत कालवलेली, सरळ यंत्रावर.

अकरा वाजून दहा मिनिटांनी धवला संपत आला. सुकन्यानं नव्या फॉर्मॅटची पट्टी वर ढकलली. पट्टी हलली नाही. खाचेत तांदूळ शिरले होते.

"काका, अडकलं."

"बघतो," केसरीनाथ म्हणाला. धवला त्यानं पहिल्यापासून पुन्हा लावला, कारण केंद्र मुकं ठेवता येत नाही. मग लूमचा अडकलेला धागा काढायचा जुना चिमटा शोधला. तो सापडला. मग चष्मा शोधला. तो डोळ्यांवरच होता, हे कळायला वेळ लागला. एक दाणा काढला, उजेडात धरून बघितला, कागदावर ठेवला. मग दुसरा. कोंबडा दुसऱ्यांदा आरवला.

"किती आहेत आत?" सुकन्यानं विचारलं.

"सांगता येत न्हाय, मॅडम. घाई केली तं आत जातील."

सुकन्या खुर्चीवर बसली. केसांतल्या अक्षता तिनं काढल्या नव्हत्या. आक्कानं तिला भिंत पडून लागलेल्या मानकोलीच्या लग्नाची गोष्ट सांगितली आणि मग ती डोळे मिटून मान हलवू लागली. कुठल्या तरी देवाच्या नावापाशी तिचे ओठही हलत. तिसऱ्यांदा धवला सुरू झाला तेव्हा जिन्यात पावलं वाजली आणि दार ढकलून नामा आत आला. धापा टाकत होता, हातात त्याचा ट्रान्झिस्टर होता.

"केसरीनाथ, तीन-तीन वेला वाजतोय आज," तो म्हणाला. "माझाच हाय का परत? रंगूबाई खाली आलीय इचारायला."

सुकन्यानं त्याच्याकडे आणि त्याच्या ट्रान्झिस्टरकडे बघितलं. मग समोरची यादी ओढली, सोमवार अकरापुढचं 'ताजं' खोडलं आणि तिथे 'लग्न' लिहिलं.

"कोणाचं, ते उद्यापासून खरं सांगायचं, काका," ती म्हणाली.

"न्हाय जमला तं?"

"भिंती पडतच असतात गावात," सुकन्या म्हणाली.

केसरीनाथनं पाचवा दाणा कागदावर ठेवला. आता आत एकही उरला नव्हता. तरी त्यानं चिमटा पुन्हा खाचेत घातला.