घराचे पाय

तितो कोणाच्याही घरी गेले की आधी दारातलं पायपुसणं उचलायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, असेल त्यांच्याकडची काही रीत. पण त्यांनी पायपुसणं भिंतीला टेकवलं, त्याखालची लाकडी झडप उघडली आणि गुडघ्यांवर बसून आत डोकं घातलं. त्या घरात मी वर्षभर राहत होतो. आपल्या दारात झडप आहे आणि तिच्याखाली माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी आहे, याचा मला पत्ताही नव्हता. "तुझ्या घराखाली पाणी आहे," तितो आतूनच म्हणाले. मी लगेच घरमालकाचा नंबर शोधू लागलो. "अरे, इथे सगळ्यांच्याच घराखाली असतं. समुद्रापेक्षा खाली गाव वसवायचं आणि घराला पाय द्यायचे नाहीत! एवढी शहाणी माणसं, पण घर बांधताना यांचं शहाणपण जातं कुठे?" एवढं बोलून त्यांनी झडप लावली, हात धुतले आणि माझ्या बायकोने, शुभदाने केलेला चहा प्यायला बसले.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आम्ही पुण्याहून या डच मुलखात येऊन बाडहूव्हडॉर्प नावाच्या गावात भाड्याने राहत होतो आणि तितो आमच्यापासून दोन घरं सोडून. मूळचे फिलिपिन्सचे. तरुणपणी बोटीवर खलाशी म्हणून इकडे आले, इथल्या हेनीकाकूंच्या प्रेमात पडले आणि बोट त्यांना न घेताच पुढे गेली. पुढे विमानतळावरच्या मालाच्या गोदामात त्यांनी नोकरी धरली. तितो म्हणजे त्यांच्या भाषेत काका. शुभदाला कोणाला नुसत्या नावाने हाक मारणं जमत नाही, म्हणून ती त्यांना तितोकाका म्हणायची, म्हणजे काकाकाका. त्यांची तक्रार नव्हती.

मला मात्र ते नावाने कधीच हाक मारत नसत. त्यांच्याकडे डॉक्टरला जसं डॉक्टर म्हणतात तसं इंजिनिअरला इंजिनिअर म्हणतात, आणि त्यात मोठा मान असतो. मी एका कंपनीत बसून विम्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचो, त्यातल्या बऱ्याच मीच करून ठेवलेल्या असायच्या. पण भर रस्त्यात कोणी "गुड मॉर्निंग, इंजिनिअर!" म्हणून हात वर केला की माझी छाती दोन इंच फुगायची. पुण्यात एवढी वर्षं काढली, पण तिथे मला कोणी असं म्हटलं नव्हतं. तिथे दगड भिरकावला तर तो इंजिनिअरलाच लागतो.

चहाबरोबर तितोंचं गावाकडचं घर ठरलेलं असायचं. बांबूच्या खांबांवर उभं, वर पेंढ्यासारखं पानांचं छप्पर. जमीन बांबूच्या पट्ट्यांची, मधे फटी ठेवलेली. केर काढायचा म्हणजे झाडू नुसता फिरवायचा, केर आपोआप खाली. खालून वारा वर येतो आणि भर उन्हाळ्यात पंखा लागत नाही. घराच्या पायांमधल्या त्या मोकळ्या जागेला ते सिलोंग म्हणत. तिथे कोंबड्या, मासे धरायची जाळी, मोडकी सायकल आणि जरा जास्त झाली की त्यांचा मेहुणा. "घरात दोन माणसं भांडली तरी सिलोंगमध्ये तिसऱ्याला झोप लागते," तितो म्हणायचे. "असं घर दाखव इथे!"

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर त्यांच्याकडे बांबूची एक घडवंची काढलेली असते. घासलेली भांडी तिच्यावर पालथी घालायची, पाणी बाहेर गळतं, ऊन लागतं. हे ऐकून शुभदा माझ्याकडे बघू लागली. त्या नजरेचा अर्थ मला लग्नानंतर लवकरच समजला होता. शनिवारी मी हातोडी विकत आणली आणि दिवसभर खपून खिडकीबाहेर घडवंची ठोकली. रविवारी वारा सुटला. इथला वारा कसा असतो ते इथे राहिलेल्यांना सांगायला नको. आमची लग्नातली स्टीलची ताटं शेजारच्या अंगणात गेली आणि ती आणायला मला त्या म्हाताऱ्या गृहस्थांची बेल वाजवावी लागली. तितोंनी खिडकी तपासली. "खिळे चांगले आहेत, इंजिनिअर," ते म्हणाले, "फक्त पुढच्या वेळी त्यातले थोडे भिंतीतही मार."

दर हिवाळ्यात दोघं दीड-दोन महिने गावाला जात. त्या वर्षी हेनीकाकूंना अर्धांगाचा झटका आला. वाचा आली, हात बराच सुधारला, पण डावा पाय ओढत चालायच्या. डॉक्टरांनी विमानप्रवासाला कायमची बंदी केली. तितो आठवडाभर आमच्याकडे फिरकलेच नाहीत. मग एका संध्याकाळी आले ते पायपुसणं न उचलताच आत आले. "हेनी घराकडे जाऊ शकत नाही. म्हणून मी घर इकडे आणतोय," म्हणाले.

गावाबाहेर भाड्याने मिळणाऱ्या बागांच्या तुकड्यांत त्यांचा एक तुकडा होता. तिथे ते कामाला लागले. गोदामात टाकून दिलेल्या, माल रचायच्या पॅलेटांचं लाकूड, बागेच्या दुकानातला बांबू, छपराला इथलंच बोरूचं गवत. खिडक्यांना मात्र गावाहून कधीतरी शर्टांमध्ये गुंडाळून आणलेली शिंपल्यांची तावदानं बसवली, गोव्यातल्या जुन्या घरांना असतात ना, तशी. त्यांतून ऊन दुधासारखं आत यायचं. मी दर रविवारी मदतीला जायचो, म्हणजे टेप धरायचो. घर छातीएवढ्या उंच पायांवर उभं राहिलं. शिडी करताना तितोंनी पायऱ्या अगदी बेताच्या उंचीच्या ठेवल्या आणि दोन्ही बाजूंना कठडा दिला. "उन्हाळ्यापर्यंत हेनी चढेल. रोज व्यायाम करते," ते मला सांगायचे. मला म्हणजे खरं तर शिडीलाच.

मे महिन्यात बागेच्या समितीचे दोन सभ्य गृहस्थ आले. त्यांनी घराचं मनापासून कौतुक केलं आणि मग सांगितलं, की पाणंदीलगत एवढी उंच बांधणी चालत नाही, पलीकडच्यांच्या घेवड्यावर सावली पडते. एक तर पाय कापून घर खाली घ्या, नाहीतर तुकड्याच्या मागच्या टोकाला, झाडांच्या रांगेत न्या. तितोंचा चेहरा उतरला. "पाय कापायचे?" ते दोघं गेल्यावर तितो मला म्हणाले. "पाय कापले तर मी हेनीला काय सांगू? की ती चढणार नाही, हे मला आधीच कळलंय?" मोडून पुन्हा बांधायचं तर उन्हाळा गेला असता, आणि पुढच्या उन्हाळ्याची खात्री त्या घरात कोणीच देत नव्हतं.

मग ते म्हणाले, "इंजिनिअर, मला माणसं दे." त्यांच्या गावात घर हलवायचं तर अख्खा गाव जमतो, घराखाली आडवे बांबू बांधतात आणि घर उचलून चालू लागतात. मी तोऱ्यात म्हणालो, माणसांची काळजी नको. आमच्या मराठी मंडळात माणसं भरपूर होती. वजन उचलायचा अनुभव मात्र लॅपटॉपच्या बॅगेपुरता. अ‍ॅमस्टेलव्हीनहून, लायडनहून मंडळी आली. कुलकर्णी कमरेचा पट्टा बांधून आला. जोगळेकर बांबू खांद्यावर घेत म्हणाला, "आता पुढे मडकं कोण धरतंय?" शुभदाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुढे तासभर बोलला नाही.

बाकीचे मात्र बोलत होते. आमच्यातला प्रत्येक जण कुठे ना कुठे प्रोजेक्ट मॅनेजर होता. एकाने "बाप्पा" म्हटलं, सगळ्यांनी "मोरया" म्हटलं आणि, खोटं कशाला सांगू, घर खरोखर उचललं गेलं! पण दहा पावलं जातात न जातात तोच कुलकर्णी ओरडला, "अरे थांबा, दार दक्षिणेला येतंय!" झालं. अर्धी मंडळी म्हणाली काही होत नाही, अर्धी घर फिरवू लागली. घर एकाच वेळी दोन दिशांना निघालं. मी कोपऱ्यावर होतो, सगळ्यांना शांत राहायला सांगत होतो आणि त्या नादात एक पाय बागेच्या कडेच्या कालव्याच्या चिखलात गुडघ्यापर्यंत घालून बसलो. शेवटी घर टेकलं तेव्हा दार पूर्वेला होतं आणि हेनीकाकूंना बसायला ठेवलेली खिडकी शेजाऱ्याच्या खताच्या ढिगाकडे.

वडीलधाऱ्या माणसाने रागवावं, म्हणजे मोकळं वाटतं. तितो मात्र वाकून घराचे पाय तपासू लागले. बोलल्या हेनीकाकू. त्या बाजूला खुर्चीवर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "आमच्या गावात उचलणारे बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. आमच्या गावात! त्या पक्क्या डच बाई, पण त्या घटकेला त्या बांबूच्या गावच्या होत्या. मग काठी उंच धरून त्या हुकूम सोडू लागल्या, लिंक्स म्हणजे डावीकडे, रेख्त्स म्हणजे उजवीकडे. तेवढं डच आम्हा सगळ्यांना येत होतं. घर निमूटपणे फिरलं, चाललं आणि झाडांखाली जाऊन उभं राहिलं. दार दक्षिणेला. कुलकर्णीनेही हूं की चूं केलं नाही.

आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू उठल्या, शिडीशी गेल्या. उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. डावा काही केल्या उचलेना. तितो मागे दोन्ही हात पुढे करून उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही. काकूंनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा केला. मग त्या वळल्या, त्या पायरीवर बसल्या आणि हसून म्हणाल्या, "इथूनही छान दिसतं." कोणी कोणाकडे बघितलं नाही. मला माझ्या चिखलाच्या बुटाचा आधार वाटला, निदान खाली बघायला कारण होतं.

पुढच्या शनिवारी तितोंनी पुन्हा माणसं मागितली. मला वाटलं, काहीतरी पुन्हा हलवायचं असेल. आम्ही घर उचललं, त्याखाली पॅलेटांच्या थप्प्या सरकवल्या. तितोंनी करवत घेतली आणि घराचे पाय एकेक करून कापले. मी करवत मागितली तर दिली नाही. मधे थांबून त्यांनी दोनदा चष्मा पुसला. सगळं होईपर्यंत इतकी माणसं जमूनही कोणी सूचना केली नाही, आमच्या मंडळाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं असेल. मग थप्प्या काढल्या आणि घर अलगद जमिनीवर उतरवलं. समितीला हेच हवं होतं, तेही आधीच्याच जागेवर. आमच्या सगळ्यांच्या कमरा फुकट गेल्या होत्या.

हेनीकाकू काठी टेकत स्वतःच्या पायांनी आत गेल्या. खिडकीशी बसल्या. शिंपल्यांतून आलेलं ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. तितो दारातच उभे होते, एखादी चूक केल्यासारखे. "आता खालून वारा येणार नाही," ते हळूच म्हणाले.

"देवाची कृपा," काकू म्हणाल्या. "तुझ्या गावच्या घरात इतकी वर्षं मी रात्री थंडीने कुडकुडायचे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू किती कौतुकाने सांगायचास."

तितो हसायला लागले. हसता हसता खाली बसले आणि काकूंच्या गुडघ्यावर डोकं ठेवून कधी रडायला लागले ते आम्हाला कळलं नाही. शुभदा आम्हा सगळ्यांना बाहेर घेऊन आली.

तो अख्खा उन्हाळा हेनीकाकू त्या खिडकीत होत्या. पुढचा त्यांनी पाहिला नाही. तितोंनी नोकरी सोडली, घर समितीच्या हवाली केलं आणि कायमचे गावी निघाले. मी विमानतळावर पोचवायला गेलो होतो. मोठ्या बॅगा आत गेल्या, पण खांद्यावरची कापडी पिशवी त्यांनी उतरवली नाही. तिच्यात काकूंच्या अस्थी होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "चला, आता पुन्हा पायांच्या घरात राहायचं."

"भावाला सांगून ठेवलंय," तितो म्हणाले. "सिलोंगमधल्या कोंबड्या बाहेर काढ, जाळी बाहेर काढ. खाली फरशी घालतोय आणि चारी बाजूंनी भिंती. तिथेच राहणार आम्ही."

"तुम्ही? खाली?"

"वर वारा फार येतो," ते पिशवी सावरत म्हणाले. "हेनीला थंडी वाजते."