नवसाबाईंनी दिलेलं उत्तर

शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीत राहणाऱ्या नवसाबाई मिशनच्या प्रचारिका होत्या. नवरा प्लेगात गेला तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. मिशनच्या मडमेनं त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि पुढं येशूची गोष्ट सांगणं हेच त्यांचं काम झालं. पंचवटीच्या गल्ल्यांत कुणी ऐकून घेई, कुणी उंबऱ्यावरूनच वाटेला लावी. मग त्या पुढच्या दारी जात.

१९३४ साली मिशननं त्यांच्याकडे गावाबाहेरच्या महारोग्यांच्या आश्रमातलं प्रचाराचं काम सोपवलं. दर गुरुवारी चार मैल चालत जायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी येशूनं महारोग्याला बरं केल्याची गोष्ट सांगितली. बायका कान देऊन ऐकत होत्या. दिंडोरीकडची भागुबाई मात्र भिंतीकडे तोंड करून पडली होती. घरच्यांनी बैलगाडीतून आणून सोडल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती, धड जेवतही नव्हती. गोष्ट संपली तशी ती वळली.

"बाई, तुमचा देव माझी बोटं परत देईल का?"

सगळ्या बायका नवसाबाईंच्या तोंडाकडे पाहू लागल्या. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही वाटत."

"मंग कशाला सांगता?" भागुबाईनं पुन्हा पाठ फिरवली.

हे उत्तर चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. असं बोलून तुम्ही त्या बायांची आशा मोडलीत, असं ते म्हणाले. पण खोटा शब्द द्यायला नवसाबाई तयार नव्हत्या. आठवडाभर त्यांनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली आणि एके ठिकाणी थबकल्या. येशूनं त्या माणसाला आधी हात लावला होता. बरं केलं ते त्यानंतर. इतकी वर्षं आपण हे नुसतं वाचून पुढं जात आलो, याची त्यांना लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी त्या फणी आणि खोबरेल तेल घेऊन गेल्या. आश्रमाच्या डॉक्टरांनी आधी नाखुशी दाखवली, मग साबणानं हात स्वच्छ धुवायला बजावून परवानगी दिली. नवसाबाई भागुबाईच्या उशाशी बसल्या.

"बोटं देणं माझ्या हातात नाही. वेणी घालून देते."

भागुबाई उठून बसली. केसांची जट झाली होती. ती सोडवता सोडवता नवसाबाईंनी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. लोक लांब उभे होते, तेव्हा येशू जवळ गेला आणि त्यानं हात पुढं केला. भागुबाईचे खांदे हलू लागले. पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "त्या मानसाचं नाव काय व्हतं?"

"ते कुठं लिहिलेलं नाही."

"असंल कायतरी. आईनं ठेवलंच असंल."

त्या दिवशी ती सगळ्यांच्या पंगतीत जेवली. महारोगावर तेव्हा टोचत त्या कडू तेलाच्या सुया ती आता न कुरकुरता घेऊ लागली. आजार हटला नाही, पण तिसऱ्या वर्षी तिनं आपण होऊन बाप्तिस्मा मागितला. तोवर नवसाबाईंच्या साऱ्या गोष्टी तिला पाठ झाल्या होत्या.

एका गुरुवारी नवसाबाईंना पोचायला उशीर झाला. वणीकडची एक तरुण बाई नुकतीच आश्रमात आली होती आणि भागुबाई तिला मांडीशी घेऊन, आपल्या दिंडोरीच्या बोलीत, तीच येशूची गोष्ट सावकाश सांगत होती. नवसाबाईंनी दारातून क्षणभर ऐकलं आणि त्या पुरुषांच्या खोलीकडे वळल्या. तिथंही ऐकणारे वाट पाहत होते.