साहेबांसाठी थांबवलेली पिल्लं

गळ्यात दुर्बीण आणि तोंडात 'निसर्ग' असलेलं कुणी दिसलं की आजही माझं डोकं उठतं. कारण सांगते.

निफाडच्या अंगाला, माझ्या आत्याच्या मळ्यासमोर, गोदावरीच्या पात्रात वाळूचं एक बेट आहे. पावसाळा सरता सरता ते उघडं पडायचं. नदीतल्या कासविणी तिथे अंडी घालायच्या आणि आत्या त्याच वाळूत टरबुजं लावायची. खड्डे घेताना अंडी फुटायची. त्याचं कुणालाच काही वाटत नसे.

दोन हजारच्या आगेमागे नाशिकहून एक निसर्गप्रेमी मंडळ आलं. मी तेव्हा शहरात कारकुनी करायचे आणि रविवारी, रजेत आत्याकडे जायचे, त्यामुळे त्यांनी लावलेले दिवे डोळ्यांनी पाहिले. "मावशी, यंदा बेट पडीक ठेवा," अध्यक्ष म्हणाले. आत्या फटकळ. त्यांना दोन शब्द सुनावलेच तिने, पण मला म्हणाली, "बाळंतिणीच्या अंगावर कुदळ मारायची व्हय? ऱ्हाऊ दे यंदा." टरबुजाचं अख्खं पीक तिने सोडलं. उन्हाळाभर कुत्री हाकलली, वाळू न्यायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यांची आईबहीण काढली.

आणि मंडळ? मंडळ पिठलं-भाकरी खायला यायचं. त्यांनी एक बॅनर लावला, त्यावर समुद्रातलं भलंमोठं कासव! नदीतलं कासव कसं दिसतं हे बघायला एक टोपीवाला वाकेल तर शपथ.

वळवाच्या सरी पडल्या आणि पिल्लं वर आली. रुपयाएवढी, तुरुतुरु पाण्याकडे निघालेली. अध्यक्ष ओरडले, "थांबवा! वनखात्याच्या साहेबांच्या हस्ते सोडायचीत!" अहो, पिल्लं आहेत की पूल आहे उद्घाटनाला? पण गोळा केली, आत्याच्याच धुण्याच्या टबात टाकली. साहेबांना सवड नव्हती. आज नाही, उद्या. उद्या नाही, परवा. आत्या टब उलटा करायला गेली तर, "सरकारी काम आहे मावशी, केस होईल," म्हणून तिला दटावलं. तिने टब सावलीत ओढला, की हे फोटोसाठी परत उन्हात आणून ठेवायचे. पाणी चहासारखं तापलेलं.

शेवटी साहेब उगवले. तोवर बहुतेक पिल्लं मेली होती. अध्यक्षांनी हलणारी तेवढी वरून वेचून परातीत घेतली आणि टबावर ओलं पोतं टाकलं. फोटो झाले. भाषणात साहेब आमच्या नदीला दोनदा समुद्र म्हणाले, आणि लाळघोट्यांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. मग आत्याला शाल-श्रीफळ. तिने माईकसमोरच विचारलं, "साहेब, पोत्याखालची कोण सोडणार?"

एकाने घाईघाईने गाणं लावलं. संध्याकाळी आत्याने मेलेली पिल्लं त्याच शालीत बांधली आणि बेटावर नेऊन पुरली. मला रडू आवरेना. ती मात्र दात-ओठ खात वाळू लोटत होती.

पुढच्या उन्हाळ्यात निर्लज्ज मंडळ पुन्हा हजर! आत्याने सगळ्यांना ओसरीवर बसवलं, टरबूज कापलं. "यंदा पीक घेतलं मी बेटावर. कासवं-बिसवं काय नाय ऱ्हायली आता." अध्यक्षांनी चक् चक् केलं आणि आणखी एक फोड उचलली. बेटापर्यंत चालत जाऊन बघावं असं एकालाही वाटलं नाही. ऊन फार होतं ना! बिया अंगणात थुंकून मंडळी गाडीत बसली.

मी आत्यावर भडकले. "वर्षभरात तूही तसलीच झालीस?"

"गप ये," म्हणाली आणि मला बेटावर घेऊन गेली. तिथे एक वेल नव्हता. वाळू जशीच्या तशी, मळ्याकडच्या कडेने बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

"मग टरबूज?"

"सायखेड्याच्या बाजारातून आणलं," आत्या म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने टरबूज विकत घेतलं होतं.