मी न बोललेली साक्ष

मी प्राथमिक शाळेत मास्तर आहे. आमच्या वस्तीत कुणाला बाहेरचं झालं म्हणून भगताकडे न्यायला निघाले की आडवा येऊन त्याला अलिबागच्या दवाखान्यात पाठवणारा माणूस मीच. आपल्या मासिकातले असले अनुभव मी वाचतो, पण ते खरे असतील असं मला कधी वाटलं नाही. आजही दुसऱ्या कुणाचा अनुभव वाचला तर वाटणार नाही... पण जे माझ्याच तोंडून घडलं त्याला काय म्हणावं? सात-आठ वर्षं मी हे स्वतःला विचारतो आहे. नावं बदलून लिहितो, बाकी सगळं जसं झालं तसं.

आमचा कोळीवाडा अलिबागच्या उत्तरेला, थळच्या बाजूला. समोर खांदेरीचा दिवा दिसतो. गोड्या पाण्याची बाव वस्तीपासून लांब आहे — किनाऱ्याने चालत जायचं, मग केवड्याचं बन ओलांडायचं, की तिथे नारळाच्या वाड्यांच्या कुंपणाला लागून ती विहीर. उन्हाळ्यात बायका दुपारीही हंडा घेऊन जातात, कारण सकाळी फार गर्दी असते.

चांगुणा माझी थोरली बहीण. आम्ही तिला बाय म्हणायचो. उंच, सावळी, आवाज जरा घोगरा. बाजारात ती हाक मारायची तेव्हा चार टोपल्यांपलीकडची माणसं वळून बघायची. वडील तुफानात गेले तेव्हा मी मराठी पाचवीत होतो. मला शाळेतून काढायचं ठरत होतं, पण बायनेच डोक्यावर टोपली घेतली आणि मी शिकलो.

तिची सोयरीक आधी राघोशी ठरली होती. ठरली म्हणजे त्या दोघांचंच जमलं होतं, घरच्यांनी नुसता होकार दिला. राघो दिसायला देखणा, होडी हाकण्यात वस्तीत पहिला. पण साखरपुडा झाला आणि तो बदलला. ती कुणाशी बोलली, का हसली, मासळी कुणाला घातली — सगळ्याचा जाब. एकदा जत्रेत बांगड्या भरताना कासाराने तिचा हात धरला म्हणून त्याने चारचौघांत तिच्या मुस्काटात मारली. बाय घरी आली, बांगड्या उतरवून ठेवल्या आणि आईला म्हणाली, "आये, मना याचे घरा जायाचा न्हाय." पंच बसले आणि सोयरीक मोडली. पुढे तिचं गोमाशी लग्न झालं. गोमा दिसायला बेताचा, कमी बोलणारा. पण बाय त्याच्या घरी हसायची, हे मी पाहिलं आहे.

राघोने लग्न केलं नाही. तो काही करायचा नाही, नुसता असायचा. बाय मासळी वाळत घालायला खळ्यावर गेली की हा समोर होडीला टेकून उभा. तिच्या दारात सकाळी एखादा पापलेट नाहीतर केवड्याचं कणीस ठेवलेलं. ती ते उचलून उकिरड्यावर टाकायची. एकदा तो माझ्याकडे शाळेत आला.

"मास्तर, होरीवर नाव लिवून द्या."

"कसलं नाव?"

"चांगुणा."

मी त्याला हाकलून दिलं. मग त्याने उरणला जाऊन तिथल्या रंगाऱ्याकडून ते नाव लिहून आणलं. गोमाने कोयत्याने खरवडलं. राघोने पुन्हा लिहून आणलं.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा होता. त्या नावावरून गोमा आणि बाय यांच्यात एक दिवस वाजलं. "तुलाच बरा वाटत आसंल," असं काहीतरी तो बोलून गेला आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाय तांब्याचा हंडा घेऊन बावीवर गेली. ती परत आली नाही.

संध्याकाळच्या आत ती केवड्याच्या बनात सापडली. मला शाळेत निरोप आला आणि मी धावत गेलो. तिच्या पायात एक काटा मोडलेला होता, तो काढावा असं मला सारखं वाटत होतं. पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही, असं पोलिसाने सांगितलं. गळा दाबून मारली होती. शेजारी गोमाची लाल कानटोपी पडलेली होती. हंडा मात्र कुठेच नव्हता.

गोमा म्हणत होता, टोपी दोन दिवसांपूर्वीच वलणीवरून गेली, मी दुपारभर घरात झोपलो होतो. पण झोपलेल्या माणसाला कोण पाहणार? ती हंडा घेऊन गेली असं तो सांगे, तर फौजदार विचारी, मग हंडा कुठाय? त्यात राघोने जबाब दिला — "गोमाला मीनी बावीकरं जातान बघला." झालं. गोमाला बेड्या पडल्या. निघताना तो आईच्या पाया पडायला वाकला. आईने पाय मागे घेतले नाहीत, एवढंच. तिलाही काही कळत नव्हतं.

पावसाळा संपल्यावर अलिबागला सेशन कोर्टात केस उभी राहिली. आम्ही पहाटे निघून चालत गेलो; अर्धी वस्ती आली होती. जज्ज इंग्रज साहेब होते. राघोची साक्ष आधी झाली. स्वच्छ सदरा घालून आलेला, एकदाही अडखळला नाही. साक्ष संपल्यावर तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

मग मला बोलावलं. मला सरकारपक्षानेच साक्षीला घेतलं होतं — बहिणीची ओळख आणि नवरा-बायकोचं भांडण, एवढ्यापुरतं. वेळ दुपारची, लख्ख ऊन, खिडक्या उघड्या. मी घाबरलो नव्हतो, उपाशीही नव्हतो. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर तसं बरेच जण म्हणाले. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना मी नीट उत्तरं दिली. मग गोमाचे वकील उठले. वयस्कर गृहस्थ, गावाने वर्गणी काढून दिलेले.

"मास्तर, त्या दुपारी बावीपाशी काय झालं, याची तुम्हाला स्वतःला काही माहिती आहे?"

मी म्हणालो, "नाही. मला काहीही माहीत नाही."

हे शब्द मी उच्चारले. माझ्या कानांनी ऐकले. शाळेत बोलतो तसेच, शुद्ध.

पण वकिलांच्या हातातला चष्मा तसाच वर राहिला. पंख्याची दोरी ओढणारा थांबला. आणि आई... आई बाकावरून उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "चांगू?"

मला वाटलं, तिला भोवळ येते आहे. मी पिंजऱ्यातून उतरणार, इतक्यात मागून राघो ओरडला. तो उभा होता, दोन्ही हात पुढे केलेले — काहीतरी पेलून धरावं तसे.

"मीनी परू दिला न्हाय! हंडा परू दिला न्हाय मीनी, चांगू! झेलला ना! भरलेला होता, तसा झेलला!"

शिपायांनी त्याला धरलं. मी विचारत होतो, काय झालं, काय झालं? माझ्याकडे कुणी बघेचना.

वकिलांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं, पाणी पाजलं आणि विचारलं, "मास्तर, तुम्हाला हा आवाज काढता येतो?"

"कुठला आवाज?"

त्यांनी सांगितलं ते असं. प्रश्न विचारल्यावर मी तोंड उघडलं आणि बाईचा आवाज आला. जरा घोगरा. "राघो, मना सोर. हंडा परंल." मला सोड, हंडा पडेल... एवढंच. दोनदा. रागाचा आवाज नव्हता म्हणाले. घाई असलेल्या माणसाचा होता, घरी काम पडलंय अशा बाईचा.

आमच्या वस्तीतल्या सगळ्यांनी तेच ऐकलं. कोर्टातल्या शिपायांनीही ऐकलं, आणि त्यांना तर बाय कोण हेही माहीत नव्हतं. जज्जसाहेबांनी काय ऐकलं, मला कळलं नाही. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि कामकाज थांबवलं.

राघोच्या घराची झडती त्याच दिवशी झाली. तो साक्षीदार, म्हणून आधी कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. माळ्यावर जाळ्यांच्या मागे बायचा हंडा होता. तोंडावर धुतलेलं फडकं बांधलेलं, वर केवड्याचं सुकलेलं कणीस. आत पाणी होतं. तिने भरलेलं. त्याने ते तसंच ठेवलं होतं.

मग त्याने सगळं कबूल केलं. टोपी त्यानेच पळवली होती, गोमाला अडकवायला. तो बावीच्या वाटेवर उभा राहिला आणि तिला म्हणाला, माझ्यासंगं चल. ती नाही म्हणाली, तेव्हा त्याने तिला धरलं, आणि कोर्टात ऐकू आलं तेच ती बोलली. हंडा डोक्यावरून घसरला तो त्याने झेलला, खाली नीट ठेवला — आणि मग...

गोमा सुटला. राघोवर पुढच्या सेशनला केस चालली आणि मला पुन्हा साक्षीला जावं लागलं. त्या दिवशी रेवसपासून लोक आले होते. का आले होते, ते सगळ्यांना माहीत होतं. आई अगदी पुढे बसली होती, नवं लुगडं नेसून, जणू कुणाला भेटायला आली होती. माझी साक्ष सुरू झाली. मी बोललो, आणि माझाच आवाज आला. पुन्हा प्रश्न, पुन्हा माझाच आवाज. आई हळूहळू मागे टेकली.

आणखी एक माणूस पुढे झुकून ऐकत होता. आरोपीच्या पिंजऱ्यात राघो, गजांना कपाळ लावून, डोळे मिटून. मी उतरलो तेव्हा तो रडायला लागला. त्याला फाशीची शिक्षा सांगितली तेव्हा तो रडला नव्हता, असं म्हणतात. मी तिथे थांबलो नव्हतो.

आई त्यानंतर तीन पावसाळे जगली. मी जेवायला बसलो की ती समोर बसायची आणि मध्येच म्हणायची, "नाम्या, येक डाव बोल ना तसा." मी म्हणायचो, "आये, मना येत न्हाय." ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. शेवटच्या दुखण्यातही तिने विचारलं. तेव्हा मी एकदा प्रयत्न केला — आवाज घोगरा करून, बायसारखा. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मनावर ताण आला की माणूस कसल्याही आवाजात बोलतो, त्याला आठवत नाही. असेल. पण मला आठवतं — "नाही, मला काहीही माहीत नाही," हे माझे शब्द मला अक्षरन्‌अक्षर आठवतात. आणि हंड्याचं काय? ती शेवटी काय बोलली, ते राघोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. वकील म्हणाले, योगायोग. ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला यातलं काही पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

त्या कोर्टात बाय शेवटचं बोलली. वस्तीने ऐकलं, आईने ऐकलं, ज्याने मारलं त्यानेही ऐकलं. जिच्या टोपलीवर मी शिकलो, तिचा आवाज माझ्याच गळ्यातून गेला, आणि मला तो ऐकू आला नाही.

गोमादाजीने पुन्हा लग्न केलं नाही. होडी समुद्रातून आली की अधूनमधून तो माझ्याकडे येतो, ओट्यावर बसतो, विडी पेटवत नाही. "मास्तर," म्हणतो, "कायपन बोला."

मग मी बोलतो. शाळातपासणीचं, वाऱ्याचं, बोंबलाच्या भावाचं. तो डोळे मिटून ऐकत राहतो. बराच वेळ झाला की उठतो, आणि किनाऱ्याकडे चालू लागतो.