कालव्याचा उतार आणि काळी रबरं

आमच्या गावातून केडगाव स्टेशनला जाताना कालव्याचा पूल लागतो. पूल ओलांडला की पलीकडं उतार, आणि उताराच्या तळाशी वळण. त्या वळणावर उसाच्या बैलगाड्या कधी समोर येतील, नेम नसायचा. उतार लांब असला तरी फार उभा नाही, पण माझ्या आईच्या लेखी तो घाटच होता. पुलावर पोचलो की ती कॅरिअरवरून टुणकन उडी मारायची.

"तू हो पुढं. मी येते चालत."

"अगं आई, बस की!"

"तुझ्या सायकलला ब्रेक हाय का? मग?"

खरं होतं. सायकल आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी. ब्रेक दाबला की आधी किंचाळायची आणि मग मनात आलं तर थांबायची. मी सरळ पाय खाली सोडून चप्पल घासत थांबवायचे. डाव्या पायाची चप्पल उजवीच्या आधी संपायची. मी अकरावीला होते, दौंडला कॉलेजात जायचे, अंगात मस्ती होती, मला त्याचं काही वाटायचं नाही.

पण आता माझ्या चपलेपुरती गोष्ट राहिली नव्हती. आईला दौंडला एका डॉक्टरांकडं काम लागलं होतं. केसपेपर काढायचे, पेशंटना नंबरानं आत सोडायचं. जन्मभर दुसऱ्याच्या रानात वाकून काम केलेल्या माझ्या आईला तिथं बसायला खुर्ची होती! घरी आली की ती आधी खुर्चीचं सांगायची, मग पेशंटचं. आणि ती उतार चालत उतरेपर्यंत आमची पॅसेंजर निघून जायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, पुन्हा उशीर झाला तर मला दुसरी बघावी लागेल." घरून लवकर निघावं म्हटलं तर धार कोण काढणार? म्हशीला थोडंच घड्याळ कळतं!

मी म्हटलं, "थांब. तुला बसवूनच नेते त्या उतारावरनं. न्हाई नेलं तर तुझी पोरगी न्हाई."

यवतच्या बाजारात सायकलचं दुकान होतं. दुकानदारमामा तोंडानं गोड, पण हात मात्र बरोबर जुन्या मालावर जायचा. काचेमागं ब्रेकची लालचुटुक रबरं टांगलेली होती, तीच काढून पुढ्यात टाकली.

"हीच न्या ताई. झिजतच न्हाईत."

मी नखानं दाबून पाहिलं. नख उमटेना. अरे, झिजत नाहीत म्हणजे धरत पण नाहीत! मला शाळेतलं खोडरबर आठवलं. कडक झालेलं खोडरबर कागद फाडतं, अक्षर मात्र जागच्या जागी. मऊ असतं ते झिजतं, पण अक्षर उचलतं.

"मामा, ही काचेत उन्हानं वाळून खडखडीत झालीत. आतली दाखवा."

"आतली काय येगळी असत्यात व्हय?"

"मग दाखवायला काय जातंय तुमचं?"

मामांनी कुरकुरत खण ओढला. आत काळी रबरं होती, लालपेक्षा लांब, अंगावर पाणी निघून जायला आडव्या खाचा. नख टेकवलं तर असं रुतलं की मला दुकानातच हसू फुटलं.

"ही लवकर झिजत्यात, आधीच सांगतो. मग माझ्या नावानं शिमगा करू नका."

"झिजू द्या मामा. रबर झिजलेलं परवडलं, आईची हाडं नको."

रबरं मी स्वतः बसवली. ज्या कप्प्यात रबर बसतं त्याची एक बाजू बंद असते. चाक ज्या दिशेला फिरतं तिकडं ती बंद बाजू ठेवायची, नाहीतर चाक रबराला ओढून बाहेर फेकतं. रबर रिमला सपाट टेकलं पाहिजे, टायरला शिवता कामा नये. हात काळे झाले, बोट सोलपटलं, आणि मग पहिला ब्रेक मारला. आहाहा! जेवढं दाबावं तेवढंच! थोडं दाबलं की सायकल हळू, जास्त दाबलं की जागेवर उभी. मागचा आधी धरायचा, मग पुढचा हलकेच. दिवस मावळेपर्यंत मी त्या उतारावर वरखाली करत होते. बांधावरच्या बायका म्हणाल्या, पोरगी येडी झाली. झालेच होते!

आई म्हणाली, "खंडेनवमी होऊ दे. दसऱ्याला दवाखाना बंद हाय, तवा बघू तुझा ब्रेक."

खंडेनवमीला आण्णा आले. ते शिरूरकडं रांजणगावला कंपनीत होते, तिथंच खोली करून राहायचे, सणाला यायचे. मी सैपाकात अडकलेले. बाहेर आण्णांनी विळे, कोयता, सायकल सगळं धुऊन, पुसून, हळदीकुंकू लावून पुजलं. हँडलला झेंडूची माळ. सायकल अशी लखलखत होती की मी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

दसऱ्याला सकाळी आई आणि मी पुलावर गेलो. आई म्हणाली, "आधी एकटी उतरून दाखव."

"बघ आता!" म्हणून मी सुटले. अर्ध्यात ब्रेक दाबला. काहीच नाही! आणखी दाबला. चाक आपलं सुळ्ळकन चाललंय. पाय टेकवायलाही फुरसत मिळाली नाही, वळणावरच्या कडब्याच्या गंजीत मी झेंडूच्या माळेसकट घुसले. आई बोंबलत धावत आली. मला लागलं नाही बघून आधी पाठीत धपाटा घातला, मग खाली बसली.

"झालं समाधान? मी आपली चालतच जाणार. जाऊ दे ती खुर्ची."

तिचा आवाज असा बसलेला मी कधी ऐकला नव्हता. मला रडू येत होतं आणि संताप पण. रिमवरून बोट फिरवलं, वास घेतला. शेंगतेल!

घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. "आण्णा, रिमला तेल कुणी लावलं?"

"म्या. खंडेनवमीला लोखंडाला तेल लावायचं न्हाई तर काय पावडर? कंपनीत मशीनला बी लावतो."

"तुमच्या मशीनला उतारावर थांबायचं असतंय का?"

आण्णा आधी हसले. मग त्यांना आईचं तोंड दिसलं. उठून त्यांनी स्वतः पाणी तापवलं. सोडा, राख, काथ्या घेऊन दोन्ही रिमा घासल्या, रबरांचं तोंड पॉलिश पेपरनं खरवडलं. पुलावर आले आणि आपला तो आडदांड देह घेऊन कॅरिअरवर बसले.

"आईच्या आधी मला ने. पडलो तर दोघं पडू."

उताराच्या मधोमध मी सायकल उभी केली, जागेवर. आण्णा मागं नुसतं "आयला!" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कामाची वेळ. पुलावर मी सवयीनं सायकल हळू केली, आईच्या उडीची वाट बघत. उडी आली नाही. "चल," आई म्हणाली. माझा कमीज तिनं दोन्ही मुठींत असा आवळला की गळ्याला काचायला लागला. मागचा ब्रेक, मग हलकेच पुढचा. सायकल कशी शहाण्यासारखी उतरत होती! तेवढ्यात गवताचा भारा घेतलेली शेजारीण खालून ओरडली, "अगं ए, उतर की! पडशील!"

कमीजवरचा एक हात सुटला. मारतेय उडी!

उडी नव्हती. आई चालत्या सायकलवर, भर उतारावर, पदर सावरत होती.

"मी कशाला उतरू?" ती ओरडली. "ब्रेक हाय आमच्या सायकलला!"

स्टेशनात पोचलो तेव्हा गाडीचा सिग्नलसुद्धा पडला नव्हता. आई बाकावर ऐसपैस बसली आणि मला म्हणाली, "एवढ्या लवकर येऊन आता करायचं काय गं?"